होडीचं नाक आभाळाकडे, वळताना मशीन किंचाळतं: जॅकप्लेट घेऊ, ट्रिम टॅब घेऊ की फिन?

खाडीकाठचा · ८ जून

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत आचऱ्याला एक जुनी फायबरची होडी घेतली. लांबी १८ फूट, रुंदी साडेपाच, तळ पुढे व्ही आणि मागे जवळजवळ सपाट. तिच्यावर नवं ३० एचपीचं फोर-स्ट्रोक मशीन (आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायचं) बसवलं. लाँग शाफ्ट, हँडलवालं, दोरीने चालू होणारं. पॉवर ट्रिम (बटणाने मशीनचा कोन बदलायची सोय) नाही, हातानेच उचलायचं. धंदा वगैरे नाही. रविवारी गळ टाकायचा, कधी घरच्यांना खाडीत फिरवून आणायचं, एवढंच.

दुखणी दोन. एक, थ्रॉटल दिला की नाक आभाळाकडे जातं आणि बराच वेळ खाली येतच नाही. समोरचं काही दिसत नाही, बायको म्हणते विमानात बसल्यासारखं वाटतं. दोन, जरा जोरात वळवलं की मशीन एकदम किंचाळतं, आवाज वाढतो आणि होडी मात्र जागच्या जागी बसते.

तीन ठिकाणी विचारलं, तीन औषधं मिळाली. एक म्हणाला जॅकप्लेट (मशीन खालीवर करणारा ब्रॅकेट) लावा, दुसरा म्हणाला हायड्रॉलिक ट्रिम टॅब (होडीच्या मागच्या कडेला तळाशी बसणारी, खालीवर होणारी दोन पाती), तिसरा म्हणाला पंख्यावरच्या पट्टीला प्लॅस्टिकचं फिन लावा, पाचशे टक्के गुण येईल. आता होडी वर ओढून ताडपत्रीखाली ठेवली आहे. पावसाळी मासेमारी बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत कुणालाच घाई नाही, तेव्हा सावकाश सल्ला द्या.

तिरफळ · ८ जून

काही विकत घ्यायच्या आधी टेप घ्या. तीन मापं टाका, मग बोलू.

१. ट्रान्समची उंची. म्हणजे मागच्या उभ्या फळीचा जो माथा मशीनचा ब्रॅकेट पकडतो, तिथपासून बरोबर मधोमध खाली तळापर्यंत. बाजूला मोजू नका, मध्यरेषेवरच.

२. मशीन सरळ उभं असताना पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेच्या वर आहे की खाली, आणि किती. एक सरळ काठी तळाला लावून मागे काढा, लगेच कळेल.

३. ट्रिमची पिन, म्हणजे मशीनच्या पायाचा कोन ठरवणारी, कितव्या भोकात आहे. ट्रान्समकडून मोजा.

आणि होडीत वजन कुठे असतं तेही लिहा. टाकी, बर्फाची पेटी, माणसं.

संकासूर · ८ जून

तिरफळ आले म्हणजे आता भूमितीचा तास. मी माझ्या १५ फुटीला फिन लावलं, चार बोल्ट, अर्ध्या तासाचं काम. होडी लवकर सपाट होते. एवढं साधं असताना टेप कशाला?

दांडीवरचो · ९ जून

मी सांगतंय, झील टायप करता. होडी खयची आणि कोणी बांधल्यान ता म्हत्त्वाचा नाय. मशीन पाण्यात किती बुडता ता बघा. पंख्याच्या वरची पट्टी तळाच्या जरा खाली होयी. होडयेच्या मागे जमनीर निजा आणि बघा, लाज कसली? आणि ते टॅब-बिब नको. आमी होडी वाळवेर ओढताव, ते पयल्याच दिवसाक मोडतले. फिनात जाळ्याची दोरी अडाकली तर सुरी घेवन पाण्यात कोण उतारतलो, तुमचो दुकानदार?

खाडीकाठचा · ११ जून

पावसाने उघडीप दिल्यावर मोजलं. काका, खरंच जमिनीवर झोपून बघितलं, शेजारचा कुत्रा येऊन बाजूला बसला.

ट्रान्सम २२ इंच. पट्टी तळाच्या रेषेपेक्षा साधारण सव्वा इंच *वर*. पिन चौथ्या भोकात, पाच आहेत. २५ लिटरची टाकी, बर्फाची पेटी आणि मी, तिघेही मागच्या फळीवर. पुढे एकटा नांगर.

आणखी एक गंमत. ट्रान्समच्या माथ्यावर पावणेदोन इंच जाडीची सागवानी फळी बसवलेली आहे, वरून रेझिन फासून रंगवलेली. मी घेतली तेव्हापासून ती होडीचाच भाग समजत होतो. जुन्या मालकाला फोन केला तर म्हणाला, मागून लाट आत यायची म्हणून उंची वाढवली. त्याचं जुनं टू-स्ट्रोक त्यावर कसं चालायचं ते त्यालाच ठाऊक.

तिरफळ · ११ जून

सापडलं की. आऊटबोर्डचे पाय ठरीव मापात येतात: शॉर्ट १५ इंच, लाँग २०, एक्स्ट्रा लाँग २५. होडी बांधणारा त्या मापाला धरून ट्रान्सम ठेवतो. तुमचा मूळ ट्रान्सम २२ वजा पावणेदोन, म्हणजे सव्वावीस. लाँग शाफ्टसाठी अगदी बरोबर होता. त्या फळीने मशीन वर उचललं गेलं.

पंख्यावरच्या पट्टीचं काम वरची हवा पंख्यापर्यंत येऊ न देण्याचं. तुमच्यासारख्या होडीत ती तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली असावी. तुमची वर आहे, म्हणजे सरळ जाताना कसंबसं भागतं. वळताना होडी कलते, ट्रान्समची एक बाजू उचलते आणि पंखा हवा खातो. हवेत फिरणाऱ्या पंख्याला विरोध नाही, म्हणून आरपीएम चढतात आणि ढकल संपते. तेच तुमचं किंचाळणं. बरेच लोक याला कॅव्हिटेशन म्हणतात. ते वेगळं. त्यात पात्यावरचा दाब इतका उतरतो की पाण्याची तिथेच वाफ होते आणि पात्यांना बारीक खड्डे पडतात. तुमचं सरळसोट हवा खाणं आहे.

नाक वर जातंय ते दुसरंच. पिन चौथ्या भोकात म्हणजे मशीनचा पाय बाहेर ढकललेला. पंख्याचा रेटा मागच्या बाजूला खाली दाबतो आणि नाक उचलतो. त्यात तुम्ही सगळं वजन मागे ठेवलंय. सत्तरेक किलोचं मशीन मागे, टाकी मागे, बर्फ मागे, आणि तुमचं वजन मी विचारत नाही.

उपाय फुकट आहेत. फळी काढा, पिन दुसऱ्या भोकात घाला, टाकी मधल्या बाकाखाली न्या.

संकासूर · ११ जून

फळी काढण्यापेक्षा जॅकप्लेट लावली तर? तिने मशीन खालीवर करता येतं. सव्वा इंच खाली घ्यायचं आणि पुढे उथळ खाडीत वर. दोन्ही कामं होतात.

तिरफळ · १२ जून

जॅकप्लेट वाईट वस्तू नाही. पण ती मशीनला चार ते बारा इंच मागे नेते. तेवढ्याच लांबीचा तरफेचा हात ट्रान्समवर येतो आणि वजनही आणखी मागे जातं. ज्याचं नाक आधीच वर जातंय त्याने हे करायचं? मागे नेल्यावर पाणी उसळून वर येतं म्हणून मशीन थोडं वर चढवता येतं, त्याचा फायदा उथळ पाण्यात होतो हे खरं. पण वर चढवताना इंजिन थंड करणारं पाणी आत घेणारी जाळी पाण्याबाहेर आली की मशीनमधून उडणारी पाण्याची पिचकारी बंद आणि इंजिन गरम. खाडीत जाताना पिचकारीकडे डोळा ठेवावाच लागतो.

फिनबद्दलही तेच. संकासूर, तुमचं फिन काम करतंय हे मान्य. पट्टीचं क्षेत्रफळ वाढतं, मागची बाजू उचलली जाते, नाक लवकर बसतं. पण तुमचं मशीन योग्य उंचीवर आहे. यांनी आत्ता लावलं तर सव्वा इंच वर लावतील. आणि नव्या मशीनच्या पट्टीला चार भोकं पाडायची असतील तर गॅरंटीचा कागद आधी वाचा.

पर्थकर · १२ जून

थोडं विषयांतर, पण उपयोगी पडेल. मी ऑस्ट्रेलियात पर्थला असतो, साडेचार मीटरची अॅल्युमिनियमची होडी, ४० एचपी, पॉवर ट्रिमसकट. दोन वर्षं ते बटण मी फक्त किनाऱ्यावर मशीन उचलायला वापरलं! मग एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने शिकवलं. रॉटनेस्ट बेटाकडे जाताना समोरून लाटा असल्या की मशीनचा पाय ट्रान्समकडे आत घ्यायचा, म्हणजे नाक खाली बसून लाट कापतं, आदळत नाही. परतताना लाटा मागून असतात, तेव्हा थोडं बाहेर, नाहीतर नाक समोरच्या लाटेच्या पाठीत घुसतं. सपाट पाण्यात बाहेर काढत जायचं. होडी समोरून डुलायला लागली, डोकं हलवत धावणाऱ्या घोड्यासारखी, की एक टिचकी परत आत.

तुमच्याकडे पिन आहे, तर चालत्या होडीत हे जमणार नाही. म्हणूनच मधलं एक भोक निवडून वजन इकडेतिकडे हलवणं हाच तुमचा ट्रिम. नाक वर असेल तर एका माणसाला पुढे बसवा. माणूस हा सगळ्यात स्वस्त ट्रिम टॅब.

संकासूर · १२ जून

माणूस स्वस्त नाही हो, चहा आणि वडापाव लागतो.

खाडीकाठचा · १५ जून

फळी काढली. आता नवीन रडगाणं.

मशीन उतरवलं, पहार घालून फळी उचकटली. तिच्याखाली ट्रान्समचा माथा काळा पडलेला. मशीनचे वरचे दोन बोल्ट ज्या भोकांतून गेलेले, ती भोकं नुसती ड्रिल मारलेली, वरून सिलिकॉनची शेंबडासारखी धार. डावीकडच्या भोकातून चहासारखं तपकिरी पाणी ओघळलं. जरा करंगळी घातली तर आतलं प्लाय ओल्या पावासारखं. मशीन बसवणाऱ्याला मी सहा महिन्यांपूर्वी "सगळं सील केलंत ना" म्हणून विचारलं होतं आणि तो "काळजीच नको" म्हणाला होता. असो.

वल्हेकर · १५ जून

सुटलात असं समजा. माझ्या भावाचं २५ एचपीचं मशीन दाभोळच्या खाडीत चालू असताना ट्रान्सममधून सुटून मागे गेलं. क्लॅम्पचे स्क्रू घट्ट होते, लाकूडच नव्हतं. सेफ्टी दोरी बांधलेली होती म्हणून मशीन होडीला लटकत राहिलं, पण पाणी पिऊन गेलं ते गेलंच. हँडलला हात होता, तो ओढला गेला नाही हे नशीब.

आता किती सडलंय ते बघा. हातोडीच्या दांड्याने पूर्ण ट्रान्सम इंचाइंचाने ठोका, बाहेरून आणि आतून. चांगल्या ठिकाणी खणखणीत टक येतो, सडलेल्या ठिकाणी भद. भद आला तिथे खडूने खूण करा. मग आतल्या बाजूने चार मिलिमीटरचं ड्रिल प्लायपर्यंतच घाला आणि भुसा बघा. कोरडा पिवळा असेल तर ठीक. ओला, काळा, आंबट वास येणारा असेल तर तेवढा भाग उघडायला लागेल. सगळ्यात खाली, ड्रेन प्लगच्या भोवतीसुद्धा बघा, पाणी तिथेच जाऊन बसतं.

खाडीकाठचा · १६ जून

ठोकलं. डाव्या वरच्या कोपऱ्यात साधारण दोन वीत रुंद आणि एक वीत खोल भद. खाली सगळं टक. ड्रेन प्लगपाशी भुसा कोरडा. बायको विचारते ठोकून काय ऐकतोयस, म्हटलं कलिंगड निवडतोय.

तिरफळ · १६ जून

थोडक्यात वाचलात. आतल्या बाजूची फायबरची कातडी तेवढ्या भागात कापा, सडका प्लाय पटाशीने कोरून काढा, चांगलं लाकूड लागल्यावरही दोन इंच पुढे जा. आणि मग वाळवा. इथेच घाई होते. जूनच्या हवेत कोकणात पापडसुद्धा वाळत नाही, ट्रान्सम कुठून वाळणार? ताडपत्रीच्या आत हॅलोजन दिवा लावा, हाताने स्पर्श करता येईल एवढी ऊब, भाजेल एवढी नको. हवेचा पंखाही लावून ठेवा. पंधरा दिवस तरी.

नवा प्लाय घेताना आयएस ७१० चा शिक्का बघूनच घ्या, तो मरीन प्लाय. दुकानदार ३०३ दाखवून "हासुद्धा वॉटरप्रूफ" म्हणेल. ते फर्निचरचं आहे, होडीचं नाही. चिकटवायला इपॉक्सी वापरा. ओलसर लाकडाला पॉलिएस्टर रेझिन धरत नाही, खपली होऊन सुटतं. इपॉक्सीलाही दमट हवेत वर मेणचट थर येतो, तो साबणाच्या पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा थर.

बोल्टची भोकं: बोल्ट १२ मिलिमीटरचा असेल तर भोक १८ चं पाडा. ते पूर्ण जाडसर इपॉक्सीने भरा, वाळू द्या, मग त्याच्या मधोमध १२ चं. म्हणजे पुढे सील गेलं तरी पाणी लाकडाला लागत नाही. सील पॉलीयुरेथेनचं, बाथरूमचं सिलिकॉन नाही. आतून रुंद वॉशर नको, सरळ अॅल्युमिनियमची जाड पट्टीच घाला. क्लॅम्पवर तीस एचपी सोडू नका, क्लॅम्प आणि बोल्ट दोन्ही. स्टीलचे बोल्ट खारट पाण्यात अॅल्युमिनियमच्या पट्टीला खातात, म्हणून मध्ये नायलॉनची बुशिंग किंवा गंजरोधक पेस्ट.

जलपर्णी · १७ जून

भिगवणहून. खाणं निघालं म्हणून सांगते: मशीनवरच्या जस्ताच्या वडीकडे लक्ष द्या. ती स्वतः झिजते म्हणून मशीन वाचतं. तिला रंग लावला तर काम बंद. आमच्याकडे उजनीच्या गोड्या पाण्यात जस्तावर पांढरी साय धरते आणि ते झोपतं, म्हणून आम्ही मॅग्नेशियमची वापरतो. थंडीत रोहित पक्षी बघायला पर्यटक येतात, त्या होड्यांचं मशीन कुणी खाडीवरून आणलं की पहिली गोष्ट वडी बदलायची. समुद्रात मॅग्नेशियम लावू नका, भराभर संपेल. निम्मी झिजली की नवी.

संकासूर · १७ जून

धागा ट्रिम टॅबचा होता, सुतारकाम, रसायनशास्त्र आणि पक्षीनिरीक्षण झालं. टॅबचा मुद्दा मात्र राहिलाच. माझं म्हणणं, घरची माणसं घेऊन जाणाऱ्याला टॅब हवेच. सगळे सेल्फीसाठी एका बाजूला जमले की होडी कलते. एक टॅब खाली केला की सरळ.

तिरफळ · १७ जून

हा मुद्दा बरोबर आहे, मानतो. डावी-उजवी कल पिनने किंवा फिनने जात नाही, टॅबनेच जाते. मापाचा ढोबळ नियम: होडीच्या प्रत्येक फुटामागे प्रत्येक टॅबची रुंदी एक इंच. १८ फुटीला दोन्हीकडे १८-१८ इंच, म्हणजे तुमच्या ट्रान्समवर मशीन सोडून उरलेली जागा जवळजवळ सगळी. त्यात विजेवर चालणारे असले तर बॅटरी, आणि दोरीने चालू होणाऱ्या मशीनला बॅटरी चार्ज करणारी कॉइल असतेच असं नाही. गॅस स्प्रिंगवर आपोआप हलणारे मिळतात, त्यांना वीज लागत नाही. पण कुठलेही असोत, ट्रान्समच्या तळाकडे आठ-दहा भोकं. नुकतंच दुरुस्त केलेल्या ट्रान्सममध्ये! मी तरी एक मोसम थांबेन.

आणि दांडीवरच्या काकांचा मुद्दा सगळ्यात वजनदार. होडी जेटीला बांधत असाल तर टॅब, वाळूवर ओढत असाल तर नको.

खाडीकाठचा · २० जुलै

प्रगती. तीन आठवडे दिवा जाळला, वीजबिल बघून घरात शांतता आहे. प्लाय ७१० चाच मिळाला, कुडाळला दोन दुकानं फिरून. आतून पाच थर फायबरग्लास मॅट, वर जेलकोट (वरचा गुळगुळीत थर). भोकं सांगितल्याप्रमाणे भरून पुन्हा पाडली. आतून ६ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पट्टी. ट्रान्समचा माथा आता सव्वावीस. मशीन चढवायला शेजारचे दोघे आणि नारळाच्या झाडाला बांधलेली पुली.

काठी लावून बघितलं: पंख्यावरची पट्टी तळाच्या अर्धा इंच खाली.

मागून लाट येण्याचा प्रश्न सोडवायला मशीनच्या पुढे, होडीच्या आत, गुडघाभर उंचीची आडवी भिंत केली. तिच्या मागे आलेलं पाणी दोन भोकांतून बाहेर. जुन्या मालकाला हेच करायचं होतं, त्याने चुकीची फळी उंच केली.

खाडीकाठचा · २४ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाल्यावर खाडीत उतरवली. पिन दुसऱ्या भोकात, टाकी मधल्या बाकाखाली, बर्फाची पेटी पुढे. थ्रॉटल दिला. नाक उचललं, दोन-तीन सेकंदांत खाली आलं. पुढे बसलेली बायको मागे वळून म्हणाली, "दुसरं मशीन घेतलंस का?" वळवून बघितलं, जोरात, दोन्ही बाजूंना. किंचाळणं नाही. पंखा पाण्यातच.

स्पार्क प्लगच्या वायरीभोवती गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर आणला होता. दोघे असताना पूर्ण थ्रॉटलला ५४००, चौघे असताना ५०५०. पुस्तकात ५००० ते ६००० लिहिलंय.

टॅब, फिन, जॅकप्लेट काहीच घेतलं नाही. पैसे प्लाय आणि वीजबिलात गेले.

एक छोटी तक्रार. सरळ जाताना हँडल डावीकडे ओढतं. हात सोडला तर होडी हळूहळू उजवीकडे वळते. आधी हवा खाण्याच्या गडबडीत हे जाणवलं नव्हतं.

तिरफळ · २४ ऑगस्ट

चौघांत ५०५० म्हणजे खालच्या काठावर. नेहमी चौघे असणार असाल तर एक इंच कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत पंखा पुढे सरकण्याचं माप) पंखा बघा, १५० ते २०० आरपीएम वर येतील. दोघेच असाल तर आहे तो ठेवा.

हँडलचं सोपं आहे. पट्टीच्या खाली, पंख्याच्या लगेच वर एक छोटं तिरकं पातं असतं, बरेचदा तेच जस्ताचं असतं. त्याचा बोल्ट सैल करा. होडी उजवीकडे वळते ना, मग पात्याचं मागचं टोक उजवीकडे फिरवा. थोडंसंच, दोन-तीन मिलिमीटर. घट्ट करा, चालवून बघा, परत. मशीन बंद करून आणि किल-स्विचची (मशीन बंद पाडणारी) दोरी काढूनच हात घाला.

दांडीवरचो · २५ ऑगस्ट

बरा झाला. ती सागवानी फळी खय आसा? टाकू नको. माझ्या होडयेक ओढूक खाली घालूक बरी.

खाडीकाठचा · २५ ऑगस्ट

काका, उशीर झाला. तिच्यावर आता मासे साफ करतो.